जुन्या कीबोर्डचं गोल सॉकेटवालं मिडी लॅपटॉपला आणि ऑक्टोपॅडला कसं जोडायचं?

पेटीवाली_चिपळूण

नमस्कार. मी चिपळूणला हार्मोनियम आणि कीबोर्ड शिकवते. शिवाय आमचं अभंग-भक्तिगीतांचं छोटं मंडळ आहे. माझा कीबोर्ड ६१ पट्ट्यांचा, फ्लॉपी ड्राइव्हच्या जमान्यातला. यूएसबी नाही. मागे पाच-पाच भोकांची दोन गोल सॉकेटं आहेत, एकावर मिडी इन आणि दुसऱ्यावर मिडी आउट लिहिलंय (मिडी म्हणजे वाद्यं एकमेकांना आणि संगणकाला जोडायची सोय). पट्ट्या अजून इतक्या छान आहेत की नव्या हलक्या कीबोर्डवर माझा हातच बसत नाही.

मला तीन गोष्टी करायच्या आहेत. मुलांना चाली लिहून द्याव्या लागतात, त्या मी वाजवल्या की म्युझस्कोअरमध्ये (स्वरलिपी लिहायचा संगणकावरचा प्रोग्राम) उतरायला हव्यात. कार्यक्रमात पेटीचा आवाज लॅपटॉपमधून काढायचाय, कारण कीबोर्डमधली पेटी अकॉर्डियनसारखी वाजते. आणि आमच्याकडे ऑक्टोपॅड (पॅडांवर वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आहे, त्यालाही अशीच गोल सॉकेटं आहेत. त्यातला तबला माझ्या कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवरून वाजवता येईल का? वादक आला नाही की सगळं अडतं.

दुकानात विचारलं तर "हे आता भंगारात, यूएसबीवाला नवीन घ्या" म्हणाले. तरी मी ऑनलाइन एक मिडी-यूएसबी केबल मागवली. मध्ये दिवे असलेली डबी, एका बाजूला यूएसबी, दुसऱ्या बाजूला दोन गोल प्लग. इनला इन, आउटला आउट लावलं. एक लाल दिवा लागतो, बाकीचे दोन मुळीच पेटत नाहीत. लॅपटॉप (विंडोज १०) ढिम्म. केबल परत करू की कीबोर्ड विकू?

ढोलकी_कराड

ताई, एवढ्या भानगडीत पडू नका. कीबोर्डच्या हेडफोनच्या भोकातून ऑक्स केबल काढा आणि लॅपटॉपच्या माइकला लावा. आम्ही रेकॉर्डिंग तसंच करतो.

सोल्डर_आणि_सूर

ताई, कीबोर्ड विकू नका आणि केबलही इतक्यात परत करू नका. मी कोल्हापुरात कीबोर्ड दुरुस्त करतो, त्याआधी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलंय. "यूएसबी नाही म्हणजे भंगार" हे ऐकून लोक फार चांगली वाद्यं मातीमोल भावात देऊन टाकतात, त्याचं मला वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन्ही प्लग अदलाबदल करा. अशा केबलींवर इन लिहिलेलं असतं ते केबलच्या बाजूने: माहिती या प्लगातून आत घेणार. तेव्हा केबलचा इन तुमच्या कीबोर्डच्या आउटमध्ये जातो. चांगल्या केबलींवर "हा वाद्याच्या आउटला जोडा" असं स्पष्ट छापलेलं असतं, स्वस्तातल्यांवर नुसतं इन-आउट. म्युझस्कोअरपुरता एवढा एकच प्लग लावा, दुसरा मोकळा राहू दे.

कराडकरांचा उपाय रेकॉर्डिंगला बरोबर आहे. पण त्या वायरीतून तयार आवाज जातो. म्युझस्कोअरला कुठली पट्टी, कधी आणि किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढंच हवंय, आणि मिडीतून नेमकं तेवढंच जातं. स्वरलिपीचा कागद स्वतः वाजत नाही, वाजवणारा लागतो, तसंच हे. म्हणून लॅपटॉपला केबल बरोबर जोडली तरी, आवाज करणारा प्रोग्राम उघडलेला नसेल तर काही ऐकू येणार नाही.

मिडी म्हणजे वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेली सामाईक भाषा, आणि हा करार १९८३ चा आहे. त्या वर्षी जानेवारीत अमेरिकेत नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सीक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका वायरीने जोडून दाखवली, एकावर वाजवलं की दुसरं वाजायचं. त्या कामासाठी सीक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळालं. तेव्हा ठरलेली भाषा आजचा लॅपटॉपही जशीच्या तशी समजतो. २०२० मध्ये मिडी २.० आलं, त्यातही जुनं मिडी मोडीत काढलेलं नाही. तुमचा फ्लॉपीवाला कीबोर्ड या हिशेबात मुळीच म्हातारा झालेला नाही.

आता तपासणी. मिडी-ऑक्स नावाचा, येणारे मिडी संदेश पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम विंडोजवर उतरवून घ्या. इनपुटमध्ये तुमची केबल निवडा आणि मधली पांढरी एक (सी) दाबा. एक ओळ उमटली पाहिजे. त्या स्वराचा क्रमांक ६०. मिडी-ऑक्समध्ये तो ३सी असा दिसेल, कारण तिथले आकडे षोडशमान पद्धतीचे असतात. शेजारचा आकडा जोराचा, १ ते १२७. पट्टी सोडली की आणखी एक ओळ.

ओळी येऊ लागल्या की अगदी खालच्या पट्टीपासून वरच्यापर्यंत एक-एक पट्टी सारख्या जोराने दाबत जा आणि जोराचा आकडा बघत राहा. कोकणातल्या कीबोर्डांसाठी हे मुद्दाम सांगतो. पट्टीखाली रबरात कार्बनचे दोन ठिपके असतात. एक आधी टेकतो, दुसरा नंतर, आणि मधल्या वेळावरून जोर मोजला जातो. पावसाळी दमट हवेने, धुळीने ते ठिपके खराब झाले की एखादी पट्टी हळू दाबूनही १२७ दाखवते किंवा मधूनच गप्प बसते. कानाला ते "हा स्वर जरा टोचतो" एवढंच जाणवतं, पडद्यावर मात्र नेमकी पट्टी सापडते. मग कीबोर्ड उघडून ते रबर आणि खालची पाटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसायची. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. माझ्याकडे "पट्ट्या गेल्या" म्हणून येणारे कितीतरी कीबोर्ड फक्त पुसून परत जातात.

ओळ आलीच नाही तर दुसरी वायर लावून बघा, मग सॉकेट हलवून बघा. पाचपैकी ४ आणि ५ या पिनांवरून माहिती जाते, २ नंबरला शील्ड, १ आणि ३ रिकाम्या. इतकी वर्षं वायरी ओढून सॉकेटचं सोल्डर सुटलेलं असू शकतं. पाच मिनिटांचं काम आहे, कुठलाही रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा करून देईल.

म्युझस्कोअर उघडण्याआधी मिडी-ऑक्स बंद करा. विंडोजवर बऱ्याचदा एक मिडी इनपुट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतं. म्युझस्कोअरच्या प्रेफरन्सेसमध्ये मिडी इनपुटला केबल निवडा, एन दाबून स्वर लिहिण्याच्या मोडमध्ये जा. संगणकाच्या ५ आकड्याने एका मात्रेचा स्वर, ४ ने अर्ध्या मात्रेचा, आणि पट्टी दाबत जा. तुम्ही लयीत वाजवाल आणि तो बिनचूक लिहील, ही अपेक्षा ठेवू नका. एक-एक स्वर भरणंच स्वच्छ होतं. मुलांना भातखंडे पद्धतीची सवय असेल तर स्वरांखाली शब्दांच्या ओळीत सरगम टाइप करा. सा कुठे धरलाय हे मिडीला कळत नाही, त्याला फक्त क्रमांक कळतो. त्यामुळे लिहिताना ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवणारी सोय) शून्यावर ठेवा आणि पांढरी एकमध्ये वाजवा, नाहीतर काळी दोनची सगळी कोमल चिन्हं कागदावर येतील.

पेटीवाली_चिपळूण

दादा, खूप खूप आभार! प्लग बदलले आणि पहिल्याच फटक्यात ओळी आल्या. "रूप पाहता लोचनी"चं ध्रुवपद म्युझस्कोअरमध्ये भरलं, खाली सरगम लिहिली, प्रिंटही काढली. वरच्या सप्तकातली एक काळी पट्टी खरंच सतत १२७ दाखवते. मला वाटायचं माझंच बोट जड पडतं.

आता पुढची अडचण. रीपर (रेकॉर्डिंगचा प्रोग्राम) घेतला, त्यात पेटीचा एक साउंडफॉन्ट (वाद्याच्या आवाजाच्या नमुन्यांची फाइल) टाकला. आवाज सुंदर आहे. पण (१) पट्टी दाबल्यावर जरा वेळाने येतो, जलद तान वाजवताच येत नाही. (२) कीबोर्डचाही आवाज येतो, लॅपटॉपचाही, दोन पेट्या वाजल्यासारखं. (३) डबीवरचा दिवा मी हात लावला नाही तरी लुकलुकत राहतो. बिघाड आहे का?

सोल्डर_आणि_सूर

दिव्याची काळजी सोडा. काही कीबोर्ड साधारण दर ३०० मिलिसेकंदांना "मी जोडलेला आहे" असा एक इशारा पाठवत राहतात, त्याने दिवा लुकलुकतो.

दोन आवाजांसाठी कीबोर्डच्या फंक्शन किंवा मिडी मेनूत लोकल कंट्रोल शोधा आणि ऑफ करा. मग पट्ट्या फक्त मिडी पाठवतात, कीबोर्डच्या स्वतःच्या आवाजाशी त्यांचा संबंध तुटतो. बऱ्याच कीबोर्डांत बंद करून पुन्हा चालू केलं की लोकल परत ऑन होतं, तेव्हा कार्यक्रमाआधी तपासा. मेनूत सापडलंच नाही तर कीबोर्डचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. मिडीच्या जोराच्या आकड्यावर त्या बटणाचा काही परिणाम होत नाही.

उशिराबद्दल. लोक वायरला दोष देतात, पण वायर निर्दोष आहे. मिडी सेकंदाला ३१,२५० बिट पाठवतं. एका स्वराचा संदेश तीन बाइटचा, सुरुवातीचे-शेवटचे बिट धरून ३० बिट, म्हणजे जवळपास १ मिलिसेकंद. उशीर लॅपटॉपच्या आवाजाच्या बाजूला होतो. तो आवाजाचे नमुने गोळा करून घासाघासाने बाहेर देतो, त्या घासाला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर १०२४ च्या बफरला २३ मिलिसेकंद लागतात, २५६ ला ६ च्या आसपास, १२८ ला ३. शिवाय विंडोजची नेहमीची वाट आपली भर घालते. एएसआयओ४ऑल हा मोफत ड्रायव्हर टाका, रीपरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये तो निवडा आणि बफर २५६ वर आणा. कडकड आवाज न येता चालला तर १२८ करून बघा. आवाज तुटायला लागला की एक पायरी मागे या. हवेतून आवाज एक मीटर यायलाही ३ मिलिसेकंद घेतो. बफरचे ६ म्हणजे स्पीकर दोन मीटर लांब ठेवल्याइतकंच, त्याला हात सरावतो. ब्लूटूथ स्पीकर मात्र या कामाला अजिबात लावू नका.

पेटीसाठी आणखी एक. खऱ्या पेटीत बोटाच्या जोराने आवाज बदलत नाही, भात्याने बदलतो. तेव्हा कीबोर्डचा टच ऑफ करा, सगळे स्वर सारख्या जोराने जातील आणि ती १२७ वाली पट्टीही टोचणार नाही. भात्याचं काम एक्स्प्रेशन पेडलला (पायाने आवाज कमी-जास्त करायचं पेडल) द्या, मिडीत त्याचा कंट्रोल क्रमांक ११. पेडल हळूहळू उघडत आलाप भरला की तो साउंडफॉन्ट एकदम जिवंत होतो. हे जरूर करून बघा, मला स्वतःला यातून फार आनंद मिळालाय. कीबोर्डला त्या पेडलची सोय नसेल तर मॉड्युलेशन व्हील (कीबोर्डच्या डाव्या बाजूचं चाक) रीपरमध्ये ११ ला जोडता येतं, पण डावा हात अडकतो.

निषाद_ठाणे

मी मोबाइलवर करतो, तेही इथे जोडतो. अँड्रॉइड ६ पासून फोनला मिडी कळतं. ओटीजी अडॅप्टर लावून हीच केबल फोनला जोडता येते. लायटनिंग पोर्टचा आयफोन असेल तर यूएसबी कॅमेरा अडॅप्टर, आणि गॅरेजबँड (ॲपलचं संगीताचं ॲप) लगेच ओळखतो. ज्यांच्या कीबोर्डला यूएसबी आहे त्यांनी "टू होस्ट" लिहिलेलं चौकोनी भोक वापरायचं. पेनड्राइव्हचं भोक यासाठी नाही. आणि यूएसबीवाली दोन वाद्यं थेट एकमेकांना जोडता येत नाहीत. मध्ये लॅपटॉप, फोन किंवा यूएसबी मिडी होस्टची डबी लागते. ताईंच्या गोल सॉकेटांना ती अडचणच नाही.

माझा एक प्रश्न दादांना. मी एका हाताने लॅपटॉपमधला तानपुरा धरून ठेवतो आणि दुसऱ्याने बासरी. पिच बेंडने (सूर वर-खाली वाकवणारं चाक) मींड काढली की तानपुराही वर चढतो. शिवाय सा वरून गंधारापर्यंत मींड पोचत नाही, रिषभावरच अडकते.

सोल्डर_आणि_सूर

दोन्हीची कारणं सोपी आहेत. मिडीत १६ चॅनेल (एकाच वायरीतल्या वेगवेगळ्या वाटा) असतात आणि पिच बेंड अख्ख्या चॅनेलला लागतो, एका स्वराला नाही. तानपुरा २ नंबरवर टाका, बासरी १ वर, बेंड फक्त १ वर जाऊ द्या. दुसरं, बेंडची मर्यादा बहुतेक ठिकाणी दोन अर्धस्वर ठेवलेली असते. शुद्ध गंधार चार अर्धस्वरांवर. प्लगइनमध्ये (बासरीचा आवाज देणारा जोड-प्रोग्राम) बेंड रेंज शोधून ५ किंवा ७ करा. १२ करणारे असतात, पण मग चाक जरा हललं तरी सूर घसरतो, बारीक गमक हातात राहत नाही.

आता ताईंचा तबला. जनरल मिडी ही १२८ आवाजांची ठरावीक यादी १९९१ ची. त्यात सतार आहे, शहनाई आहे, तबला नाही. म्हणून तुमच्या कीबोर्डात तबला नसेल तर नवल नाही, आणि ऑक्टोपॅडमधूनच तो घ्यायचा हा तुमचा विचार योग्य आहे.

कीबोर्डचा आउट ऑक्टोपॅडच्या इनला, साध्या पाच पिनांच्या मिडी वायरीने. वायर १५ मीटरच्या आत ठेवा. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डची सगळ्यात खालची पट्टी ३६ नंबरची. तिथून वर आठ पांढऱ्या पट्ट्या: ३६, ३८, ४०, ४१, ४३, ४५, ४७, ४८. आठ पॅडना हे आठ क्रमांक द्या. ना, ता, तीं डाव्या हाताच्या उजव्या बोटांखाली आणि डग्ग्याचे घे, के सगळ्यात खाली, अशी मांडणी मला हाताला बरी पडते. तुम्ही तुमच्या ठेक्याप्रमाणे लावा, केरवा वाजवून बघितलं की बोटंच सांगतील. नेमून न दिलेल्या क्रमांकांना ऑक्टोपॅड दाद देत नाही, त्यामुळे उजव्या हाताची पेटी सुखाने चालते. कीबोर्ड स्प्लिट करून (पट्ट्यांचे डावा-उजवा असे दोन भाग पाडून) डाव्या बाजूच्या आवाजाचा व्हॉल्यूम शून्य करा, म्हणजे तबल्याखाली दुसरा स्वर वाजणार नाही. स्प्लिटचा डावा भाग कुठल्या चॅनेलवर पाठवायचा हे मेनूत विचारलं असेल तर तोच चॅनेल ऑक्टोपॅडला द्या. शक्यतो १० टाळा, बऱ्याच कीबोर्डांची स्वतःची रिदम १० वरून बाहेर पडते आणि चुकून ती चालू झाली तर ऑक्टोपॅड मधेच ठोके देईल.

मंडपात जनरेटरवर कार्यक्रम असेल तेव्हा या गोल सॉकेटांची किंमत कळते. मिडी इनच्या आत ऑप्टोआयसोलेटर असतो, माहिती उजेडाच्या रूपाने पलीकडे जाते आणि दोन वाद्यांची अर्थिंग या वायरीतून एकमेकांना जोडली जात नाही. हमिंगची एक मोठी वाट तिथेच बंद. यूएसबीने थेट जोडलेला कीबोर्ड आणि लॅपटॉप दोन्ही एकाच मिक्सरला गेले की कित्येकदा चार्जरची घरघर स्पीकरमध्ये येते. तशी आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून खात्री करा, आणि लॅपटॉप ते मिक्सर या आवाजाच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची डीआय (अर्थिंग तोडणारी छोटी डबी) लावा.

कार्यक्रम चालू असताना मिडीची वायर काढू नका. पट्टी सोडल्याचा संदेश पोचला नाही तर पलीकडचा स्वर अडकून वाजत राहतो. अडकलाच तर रीपरमध्ये सगळे स्वर बंद करण्याची आज्ञा आहे, तिला एक शॉर्टकट लावून ठेवा.

पेटीवाली_चिपळूण

बफर २५६ वर पेटी अगदी बोटाखाली आली. टच ऑफ केल्यावर तर अंगणात बसून पायपेटी वाजवल्याचा भास झाला. ऑक्टोपॅडचे क्रमांक आमच्या वादकानेच बसून लावून दिले. भजनी ठेका डाव्या हाताने जमतोय, फक्त चाल जलद झाली की घे मागे पडतो, त्याला रियाज लागेल.

शेवटचं विचारते. कीबोर्डला आउट एकच आहे. लॅपटॉपची पेटी आणि ऑक्टोपॅडचा तबला दोन्ही एकदम हवेत. आउटला दोन तोंडांची वाय वायर करून घेऊ का? आणि वादक आला की तो ऑक्टोपॅडही लॅपटॉपमध्ये रेकॉर्ड करायचा असेल तर?

सोल्डर_आणि_सूर

वाय वायर करू नका. आउट विभागली की करंट दोन इनमध्ये वाटला जातो, एखादा संदेश गळतो आणि चूक कुठे आहे ते सापडत नाही. दोन आउट एका इनमध्ये जोडणं तर साफ चालत नाही, दोघांचे संदेश एकमेकांत मिसळून कचरा होतो.

विभागायला मिडी थ्रू बॉक्स मिळतो: एक इन, दोन किंवा चार आउट. कीबोर्डचा आउट त्यात, तिथून एक वायर ऑक्टोपॅडला, एक तुमच्या यूएसबी केबलच्या इन प्लगला. तो प्लग नर असतो आणि बॉक्सचं सॉकेट मादी, थेट बसेल. रीपरमध्ये पेटीच्या ट्रॅकवर ४८ च्या वरचेच स्वर घेणारा फिल्टर लावा, नाहीतर तबल्याच्या पट्ट्यांवर पेटीही वाजेल.

वादक आल्यावर थ्रू बॉक्समधून ऑक्टोपॅडला जाणारी वायर काढा, आणि त्याचं रेकॉर्डिंग दोन मिडी इन असलेल्या इंटरफेसवर (लॅपटॉपला जोडायची मिडीची डबी) करा. त्यात कीबोर्ड एका इनला, ऑक्टोपॅड दुसऱ्याला, रीपरमध्ये दोन वेगळे ट्रॅक. तो इंटरफेस घेणार असाल तर केबल विकू नका, शिकवणीच्या लॅपटॉपला ती लावलेलीच राहू दे. आणि थ्रू बॉक्स घेताना त्याला वेगळा अडॅप्टर लागतो का ते दुकानात विचारून घ्या, मंडपात प्लगपॉइंट कायम कमी पडतात.